वेलीवरचं नसलेलं पान

भागीरथाच्या अंगठ्याला ते आधी कळलं, डोळ्यांना मागून. नत्थूजीच्या कबाडाच्या दुकानात ती नेहमीसारखी उलट्या घमेल्यावर बसली होती आणि पंख्यांची पाती, पितळी नळ, मिक्सरची झाकणं यांच्या ढिगात हात घालून काही लागतं का ते पाहत होती. हाताला काच लागली. पेला वर काढला तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती, रंग काहीच दिसत नव्हता, पण कंबरेवर फिरणारी द्राक्षाची वेल बोटांना कळली आणि बोटं आपसूक वेलीवरून चालायला लागली. घड, पान, घड, पान, घड, आणि मग काहीच नाही. पानाच्या जागी नुसती गुळगुळीत काच. तिथे अंगठा टेकला आणि तिथेच थांबला. तिने पदराने पेला पुसला, दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात धरला. साध्या बिनरंगी काचेवर शेंदरी झाक आणि तिच्यावर पाण्यात सांडलेल्या रॉकेलसारखे फिरणारे रंग. अंगठ्याच्या जागीही जांभळा हिरव्यात उतरत होता, पेला जरा वळवला की परत जांभळा होत होता.

"नत्थूजी, हा कुठून आला गा?"

"कोणता? तो होय? उमरेड साइडची गाडी आली होती न. दिवाळीची सफाई हाय मावशी, लोकं काय काय काढून राहिले. घरचे म्हातारे तेवढे ठेवून राहिले."

"तेही काढतीन एखाद्या दिवशी."

"काढू द्या न. लोखंडाचे असले त मी घेतो."

एरवी ती हसली असती, त्याला उलट एखादा टोमणा दिला असता. आज तिने त्याने सांगितले तेवढे पैसे दिले आणि निघाली. नत्थूजीने मागून हाक मारली, मावशी, घासाघीस नाही, तब्येत बरी हाय न? इतवारीच्या गल्लीत दुपारची गर्दी होती. हातगाड्या, ई-रिक्षा, कपड्याच्या गठ्ठ्यांवर बसून मोबाइल पाहणारे हमाल. भागीरथा त्यांच्यामधून चालत होती आणि तिच्या पिशवीत तिच्या आईचा पेला होता. दुसरा कोणाचा असणं शक्य नव्हतं. तो उमरेडला धाकट्या बहिणीच्या, शामलाच्या घरी असायला हवा होता, आणि तो पंख्यांच्या पात्यांखाली होता.

चुकीवरून वस्तू ओळखायची असते हे तिला बाबांनी शिकवलं होतं. अक्षरं तिला फार उशिरा आली, पण काठ लहानपणीच वाचता यायला लागले होते. बाबा मागावर बसत तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसून धोट्यात सुताची कांडी भरून देई. विणून झालेलं लुगडं बाबा आधी उलटं करून पाहत. सुलटी बाजू लोकांसाठी असते, म्हणत. एकदा ते तिला नागपूरला घेऊन आले होते. गांधीबागेत एका सेठच्या गादीवर करवतकाठी लुगड्यांची चळत होती आणि सेठ सांगत होता की हा सगळा माल दुसऱ्याच विणकराचा आहे. बाबा पुढे झाले. चळतीतून एक लुगडं ओढलं, पदर उलटा केला आणि काठावरच्या करवतीचा एक दात दाखवला, बाकीच्या दातांपेक्षा अर्धा धागा बुटका. हा माझा हात आहे, म्हणाले, त्या दिवशी पोरगी तापाने फणफणली होती. ती पोरगी म्हणजे भागीरथाच. परत येताना गाडीत बाबा तिला म्हणाले, बरोबर विणलेलं सगळ्यांचं सारखंच असते पोरी, चूक ज्याची त्याची असते, आणि ती दोनदा येत नाही. माणसाचा हात दोनदा त्याच जागी तसाच चुकत नाही. हे बोलणं तिने कधी पाठ केलं नव्हतं, तरी पन्नास-साठ वर्षं ते तिच्या बोटांत होतं. बाजारात भाजी घेतानाही ती जुडी उलटी करून पाहते.

पेला आईला बाबांनीच घेतला होता. अंभोऱ्याच्या जत्रेत फिरोजाबादचा माल घेऊन एक बांगड्यावाला बसला होता, गवतात गुंडाळलेल्या बांगड्या आणि मध्ये थोडे पेले. आईने बांगड्या नको म्हटल्या, मागाच्या घरात बांगड्या टिकत नाहीत. तो पेला मात्र ती हातात घेऊन फिरवत राहिली. घरी आल्यावर बाबांनीच वेलीतलं नसलेलं पान शोधलं. "पाय, इथं कारागिराले झपकी आली," म्हणाले, आणि त्यांना पेल्याबद्दल एकदम माया वाटायला लागली, जणू तो कारागीर त्यांच्याच विणकरांच्या पेठेतला होता. आई त्या पेल्यातच पाणी पिई. दुसरे कोणी पेला कसाही धरत, आई नेमका अंगठा त्या रिकाम्या जागेवर ठेवी. भागीरथाला आईचा चेहरा आता नीट आठवत नाही, फोटोतला आठवतो. पण तो अंगठा आठवतो. नखाशी हळदीचा पिवळा, शेंदरी काचेवर ठेवलेला, आणि पाण्याचा घोट उतरताना गळ्याची होणारी हालचाल.

आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दोघी बहिणींनी आईच्या वस्तू ओसरीवर मांडल्या होत्या. फार नव्हत्याच. शामला म्हणाली, "बाई, तू मोठी. तुले काय पायजे ते आधी घे." भागीरथाला फक्त पेला हवा होता. पण मोठ्या बहिणीने आधी हात पुढे करू नये असं तिला वाटलं, म्हणून ती म्हणाली, तूच घे. शामलाने पेला उचलला. भागीरथाला वाटलं, ही आता एकदा तरी म्हणेल, हा तू ठेव. शामला म्हणाली नाही. आईचा चकलीचा सोऱ्याही शामलाकडेच गेला, कारण भागीरथाच्या घरी नवा होता. भागीरथाच्या वाट्याला बाबांचा धोटा आला. तिने तो पिशवीत घातला आणि नागपूरच्या गाडीत बसली, आणि पूर्ण रस्ताभर तिच्या तोंडात, पेला मला हवा होता, हे वाक्य होतं जे तिने कधीच म्हटलं नाही. मग काही वर्षांनी बुधवारच्या बाजारात तिला तशाच चमकीच्या काचेचा एक पेला दिसला, वेलीचा नव्हे, उभ्या पट्ट्यांचा. तिने घेतला. मग एक माशाची फुलदाणी, शेपूट वर आणि तोंड खाली. मग एक हात, बांगडी घातलेला काचेचा हात, मुठीत फुलदाणी धरलेला. घरच्यांना वाटलं, म्हातारपणी नाद लागला. नाद होताच, पण ती काय शोधते आहे हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सुनेला थोडं कळलं असावं. मिनल एका शाळेत शिकवते, संध्याकाळी आल्यावर मोबाइल घेऊन भागीरथाच्या शेजारी बसते. तिनेच शोधून काढलं की जगात या काचेला कार्निव्हल ग्लास म्हणतात, परदेशात लोक ती जमवतात, एकेका नक्षीला नाव देतात, आपल्याकडच्या नक्ष्यांनाही त्यांनीच नावं दिली आहेत. ती नावं भागीरथाच्या जिभेवर बसली नाहीत. तिने आपली नावं दिली. दातेरी कडेचा तो करवत, बारीक फुल्यांचा तो रुईफूल, आडव्या-उभ्या रेघांचा तो चटई. मिनलने टीव्हीच्या बाजूच्या काचेच्या कपाटात प्रत्येकापुढे त्या नावाची चिठ्ठी ठेवली होती. काचेचा खरा रंग बुडाशी पाहायचा, तिथे चमक पोचत नाही, हे दोघी मिळून शिकल्या. काचेवरच्या सांध्याच्या रेघा मोजायला भागीरथाने शिकवलं. आता मिनलने नवा पेला हातात घेतला आणि ओरडलीच.

"आई! हा तर वेलवाला. उमरेडच्या मावशींकडे आहे म्हणता तो असाच ना?"

"असाच."

"मग जोडी झाली ना! फोन लावू का मावशींना? व्हिडिओवर दाखवू."

"नको," भागीरथा म्हणाली. "मीच जाऊन येतो."

जोडी हा शब्द तिला टोचला. पोरीला काय सांगायचं? असाच नाही, तोच आहे हा. तुझ्या मावशीने दिवाळीच्या सफाईत माझी आई कबाडात टाकली. त्या संध्याकाळी तिने पेला कपाटात ठेवला नाही. चिठ्ठी कसली लिहायची त्याच्यापुढे? जेवताना तिला आमटीची चव लागली नाही. शामला अशी नाही, असं मनात येई, आणि लगेच आठवे की शामलाने तो पेला उचलला होता, आणि ठेव म्हटलं नव्हतं. मग वाटे, घर रंगवलं असेल, सुनेने टाकला असेल, हिला पत्ताही नसेल. हे जास्त वाईट होतं. विकला असता तर निदान हातात घेऊन विकला असता. पत्ता नसणं म्हणजे बारा महिन्यांत एकदाही आठवण झाली नाही. बाबा गेले, आई गेली, पेठेतले माग गेले, तो बांगड्यावाला तर कधीच गेला असेल. आईचा तो अंगठा आता जगात दोघींनाच ठाऊक होता. त्यातली एक विसरली असेल तर भागीरथाने तो खरंच पाहिला होता हे कोण सांगणार? तिला एकदम फार एकटं वाटलं, भरल्या घरात, टीव्ही चालू असताना.

सकाळी ती गणेशपेठेच्या स्टँडवरून उमरेडच्या गाडीत बसली. अर्ध्या तिकिटामुळे गाडी बायांनी भरली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला पेला, त्यावर दोन्ही हात. दिघोरीचा पूल गेला, मग बंगल्यांच्या नव्या वसाहतींच्या कमानी, मग शेतं. शामलाला काय म्हणायचं ते ती जुळवत होती. काहीच म्हणायचं नाही, नुसता समोर ठेवायचा. किंवा आधी पाणी मागायचं, आईच्या पेल्यात दे म्हणायचं, आणि ती काय करते ते पाहायचं. हे सुचल्यावर तिला स्वतःची जराशी लाज वाटली, पण विचार आवडलाही. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं जाता जी?" भागीरथा म्हणाली, "बहिणीकडं." बाई म्हणाली, "बरं हाय. माही बहीण बोलत नाही माह्याशी." आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. भागीरथाला त्या बाईला विचारावंसं वाटलं, काहून बोलत नाही, काय झालं होतं? पण तिला भीती वाटली की उत्तर अगदी एखाद्या भांड्याएवढं लहान निघेल.

शामला दारातच तांदूळ निवडत बसली होती. केस आणखी पांढरे झालेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"अवं बाई! फोन त कराचा."

"काहून? फोन केला असता त काय पुरणपोळी करणार होती?"

"पुरणपोळी नाही, दार लावून घेतलं असतं," शामला म्हणाली, आणि उठून तिच्या हातातली पिशवी घ्यायला आली. भागीरथाने पिशवी दिली नाही. शामलाने ते पाहिलं आणि आत वळली. सून शेतावर गेली होती, घरात कोणी नव्हतं. शामलाने चहा टाकला, दिवाळीसाठी केलेल्या चकल्या ताटलीत घेऊन आली, आणि गुडघे, साखर, भाव, कोणाच्या घरी काय झालं ते सांगायला लागली. भागीरथा हूं हूं करत होती. पाणी मागायचं तिला जमलं नाही. शामलाच्या बोलण्यात इतका घरचा आवाज होता की तिला सापळा लावणं जमेना. शेवटी तिने पिशवीतून गुंडाळी काढली, लुगड्याचा तुकडा सोडला आणि पेला शामलाच्या समोर जमिनीवर ठेवला.

शामला बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग कठीण.

"तू आत कवा गेली वं?"

"कुठं आत?"

"माह्या फळीवरून कवा काढला? चहा टाकून राहिली होती मी तवा?" शामलाने पेल्याकडे बोट केलं. "मागितला असता त दिला नसता काय मी? तुह्याच आईचा हाय. पण असं बॅगीत घालून?"

भागीरथाला काही कळेना. शामला गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, एक झाकण पडलं.  मग ती बाहेर आली. तिच्या हातात पेला होता, ओला, बुडाशी थोडं पाणी राहिलेला. तिने तो पहिल्याच्या शेजारी ठेवला. दोघी दोन पेल्यांकडे पाहत बसल्या. घड, पान, घड, पान, घड, काहीच नाही. दोन्हींवर. एकाच जागी, सांध्याच्या रेघेला लागून.

"म्हंजे तुले वाटलं," शामला सावकाश म्हणाली, "का मी आईचा पेला कबाडात देल्ला."

भागीरथाने लुगड्याचा तुकडा उचलून त्याची घडी घातली.

"मले काय समजून राहिली तू? बोल न. एवढी गाडीत बसून आली, काय बोलाचं ते पाठ करून आली असशील."

"अन् तुले वाटलं मी चोरला."

"तू चोरल्या नाहीत काय चिंचा? पाटलाच्या झाडाच्या?"

"तुह्यासाठीच चोरल्या होत्या, भोकाड पसरलं होतं म्हणून."

शामलाच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला. डोळे भरले होते. भागीरथाला वाटलं, आता हात पुढे करावा, पण हात पुढे करून करायचं काय ते तिला कळेना आणि तिने ताटलीतली चकली उचलली. तोडायची म्हणून नाही, हातात काहीतरी हवं म्हणून. बोटांनी ती फिरवली. "बाबा म्हणत," ती म्हणाली, "चूक दोनदा येत नाही." तिचं तिलाच ते बोलणं तोकडं वाटलं. चकलीला सगळीकडून काटे होते आणि एका बाजूने, वेटोळ्याभर, काटा नव्हता. गुळगुळीत पट्टा. तिने ती ठेवून दुसरी घेतली. तिलाही. तिसरीलाही. त्यांच्या लहानपणी पूर्ण पेठेला ओळखू येई की ही चकली कोणाच्या घरची, एक बाजू बोडकी असलेली. आईच्या सोऱ्याच्या चकतीचा एक दात तुटला होता आणि तो कोणी कधी बदलला नाही.

"शामला. सोऱ्या तोच हाय का वं?"

"तोच. तेवढा त ठेवू देशील का तोही घेऊन चालली?"

"दात तुटकाच?"

"तुटकाच. काहून?"

भागीरथाने चकली पेल्यांच्या मधोमध ठेवली. शामलाने चष्मा वर केला. चकलीकडे पाहिलं, एका पेल्याकडे, दुसऱ्या पेल्याकडे. मग तिच्या पोटातून हसू निघालं, असं की तिला भिंतीला टेकावं लागलं. "अवं माय," ती म्हणत होती, "साचा! कारागिराले झपकी नाही, साच्याचा दात पडला! अन् बाबा जन्मभर त्या गड्याची काळजी करत राहिले!" भागीरथाही हसायला लागली. हसता हसता तिला वाईट वाटलं, बाबांसाठी. मागावर सगळं आयुष्य गेलेल्या माणसाला काच वितळवून साच्यात दाबतात हे कुठून सुचणार? चूक त्यांच्यासाठी हाताची होती. आणि तिलाही सुचलं नव्हतं, सांध्याच्या रेघा मोजायला सुनेला शिकवूनसुद्धा. रेघा तिने मोजल्या होत्या, त्या साच्याच्या आहेत हेही तिला ठाऊक होतं, पण आईच्या पेल्याला तिने साच्यातून कधी निघू दिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर शामला म्हणाली, "म्हंजे असे लय पेले असतीन जगात. सगळ्याईले हेच पान नाही."

"असतीन."

"मग आईचा कोणता, कसं समजाचं? मी हा धुवून ठेवला न तू हा ठेवला, अन् दोन्ही सरकले त?"

हा प्रश्न भागीरथाला आत कुठेतरी लागला. इतकी वर्षं जे नसलेलं पान ती शोधत होती ते कोणाचंही होतं. तिने दोन्ही पेले उचलले आणि सवयीने दाराशी नेले. उन्हात धरले. मग तिने जे पाहिलं ते खरं तर नत्थूजीच्या दुकानातच दिसायला हवं होतं, दिसलंही होतं. कबाडातल्या पेल्याच्या रिकाम्या जागेवर जांभळा हिरव्यात उतरत होता. शामलाच्या पेल्याच्या त्या जागेवर काहीच उतरत नव्हतं. तिथली चमक गेली होती. अंगठ्याएवढी साधी, पांढरी, धुवट काच, आणि तिच्याभोवती रंग.

"इथं पाय," ती म्हणाली.

शामला जवळ आली, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून पाहायला लागली. "आईचा अंगठा," ती म्हणाली. लगेच म्हणाली. भागीरथाला काही सांगावं लागलं नाही. तिने डोळे मिटले आणि क्षणभर तशीच उभी राहिली. शामलाचा श्वास तिच्या कानाशी लागत होता, चहाचा वास असलेला.

"पण मोठी जागा झाली वं," भागीरथा म्हणाली. "आईचा अंगठा एवढा नव्हता."

"माहा हाय न त्याच्यात," शामला म्हणाली. "सकाळी बीपीची गोळी मी याच्यातच घेतो. रोज. तूच सांग, फळीवर ठेवून काय करू त्याले, पूजा?" तिने भागीरथाच्या हातातला पेला तिच्याकडेच लोटला. "घेऊन जा, बाई. मी तवाच म्हणाले पायजे होतं. तू घे म्हटलं न मी पटकन उचलला, मले वाटलं नाही उचलला त तुले राग येईन."

भागीरथाला घरचं काचेचं कपाट दिसलं. टीव्हीच्या बाजूचं, चिठ्ठ्यांचं, दर रविवारी पुसलेलं. त्यातल्या एकाही पेल्यात ती आजवर पाणी प्याली नव्हती. तिने शामलाचा पेला शामलाच्या हातात दिला आणि तिचा अंगठा धरून त्या धुवट जागेवर टेकवला. बरोबर बसला.

"मी कायले नेऊ?" ती म्हणाली. "तिथं कोण गोळी घेणार?"

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. शामलाने पिशवीत बोडक्या चकल्यांचा डबा भरला होता आणि पुढच्या शनिवारी येते, तुझं ते कबाडाचं दुकान दाखव, म्हणाली होती. दुपार उतरत होती. गाडी एका थांब्यावर उभी राहिली तेव्हा भागीरथाने पिशवीतून बाटली काढली, पेला काढला, आणि पाणी ओतलं. कडेला उभी असलेली एक बाई म्हणाली, "काचेचा पेला गाडीत, जी? फुटन न."

"फुटला त फुटला," भागीरथा म्हणाली. "वापराचा हाय."

तिने अंगठा नसलेल्या पानावर ठेवला. काच तिथे अजून सगळी रंगीत होती, जांभळी, हिरवी, मध्येच मोरपंखी. हा रंग जायला पुष्कळ वर्षं लागतील, आणि एका माणसाच्याने ते होणारही नाही. मिनलला सांगावं लागेल, रोज सकाळी तूही पी याच्यात. गाडी हलली, पाणी काठापर्यंत आलं आणि सांडलं नाही. ती प्याली.